दीड, अडीच, साडेतीन

पौष उजाडला की हिंगोली जिल्ह्यात माणसांची दोन्ही बाजूंनी ये-जा सुरू असते. वसमत तालुक्यात हळदीची काढणी जवळ आलेली असते, पूर्णा साखर कारखान्याच्या परिसरात तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरलेल्या असतात, आणि सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं घराला कुलूप लावून परजिल्ह्यात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली असतात. अंगावरचं दूध पिणारं लेकरू अर्थातच आईबरोबर असतं. हळदीच्या रानात बांधावर, उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत. लहान मुलांना रोटाव्हायरसची बाधा सर्वाधिक होते ती नेमकी याच दिवसांत.

जुलाब-उलट्या म्हटलं की आपल्याकडे पावसाळा आठवतो. नव्या पाण्याबरोबर गावागावांत पोटं बिघडतात, विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते, हे खरंच आहे. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सलाइन लावायला भाग पाडणाऱ्या जुलाबाचं सर्वांत मोठं एकटं कारण असलेला हा विषाणू थंड, कोरड्या हवेत जास्त फोफावतो. भारतात त्याचा जोर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी स्वच्छ आहे, पाऊस नाही, घरात बाकी कुणाला काही नाही, आणि तरीही बाळाला पाण्यासारखे ढाळ लागले आहेत, अशा वेळी आजी म्हणते, दात येत असतील. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली असेल. या दोन वाक्यांत एक अख्खा दिवस निघून जातो, आणि या आजारात दिवस फार मोलाचा असतो.

रोटाव्हायरसची चाल ठरलेली आहे. विषाणू पोटात गेल्यावर साधारण दोन दिवसांत आधी उलट्या सुरू होतात, बरोबर ताप येतो आणि मग पातळ, पाण्यासारखी शी. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात. अन्न आणि पाणी रक्तात शोषून घेण्याचं काम तेच करतात. विषाणू या उंचवट्यांच्या टोकावरच्या पेशींमध्ये शिरतो आणि त्या नष्ट करतो. त्यामुळे बाळाने प्यायलेलं पाणी शोषलं जात नाही. वर विषाणूच्या एका प्रथिनामुळे आतडं स्वतःच पाणी बाहेर टाकू लागतं. तीन ते आठ दिवस हा प्रकार चालतो. पाच-सहा किलोच्या बाळाच्या अंगातलं पाणी आणि क्षार किती झपाट्याने ओसरत असतील, याची कल्पना करून पाहावी. डोळे खोल जातात, टाळू खचते, जीभ कोरडी पडते, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, लघवी थांबते, आणि शेवटी बाळ रडायचंही थांबून मलूल पडतं. मृत्यू होतो तो या कोरडेपणाने.

या विषाणूवर थेट मारा करणारं औषध नाही. हा विषाणू असल्याने अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही; तरीही छोट्या गावांतून अशा बाळांना अँटिबायोटिकच्या बाटल्या सर्रास दिल्या जातात. उपचार म्हणजे गेलेलं पाणी भरून काढणं, एवढाच.

आणि स्वच्छतेने याला पूर्ण अडवता येत नाही. ही गोष्ट पटायला जरा जड जाते, कारण पोटाचे रोग म्हणजे अस्वच्छता हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. रोटाव्हायरसचे फार तर शंभरएक कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, आणि आजारी बाळाच्या एक ग्रॅम शीमध्ये ते अब्जावधी असतात. खेळण्यांवर, दाराच्या कडीवर, पाळण्याच्या दांड्यावर हा विषाणू कित्येक दिवस टिकतो. म्हणून नळाचं पाणी, फरशीची घरं आणि घरोघर साबण असलेल्या श्रीमंत देशांतही लस येण्यापूर्वी जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत याची बाधा होऊन जायची. फरक पुढे पडायचा. लसीपूर्वी अमेरिकेत या आजाराने वर्षाला २० ते ६० मुलं दगावत. भारतात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू वर्षाला सुमारे ७८ हजार असल्याचा अंदाज होता. शिवाय आठ लाखांहून अधिक मुलांना रुग्णालयात भरती करावं लागे आणि तीस लाखांहून अधिक मुलं बाह्यरुग्ण विभागात येत. बाधा दोन्हीकडे सारखी. पण एका मुलापासून दवाखाना दहा मिनिटांवर आणि दुसऱ्यापासून रात्रीच्या वेळी न मिळणाऱ्या वाहनाइतका लांब.

हिंगोलीच्या संदर्भात हे अंतर नीट समजून घ्यायला हवं. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ असे पाचच तालुके, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांची वस्ती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत. औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नर्सी नामदेव आणि आता दुधाळ्याजवळ उभी राहत असलेली लायगो वेधशाळा यांमुळे जिल्ह्याचं नाव बाहेर जातं. पण डोंगराच्या कुशीतल्या आंध आदिवासी पाड्यावरून किंवा बंजारा तांड्यावरून आईला पहाटे मलूल लेकरू घेऊन निघायचं असेल, तर उपकेंद्र, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय आणि अखेर हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे. म्हणून आजार झाल्यावर धावण्यापेक्षा तो गंभीर होऊच न देणं हिंगोलीसारख्या जिल्ह्याला पुण्या-मुंबईपेक्षा अधिक गरजेचं आहे.

त्यासाठीची लस तोंडावाटे द्यायची, सुई नसलेली, आणि बरीचशी याच देशात घडलेली आहे. तिची कथा सांगण्यासारखी आहे.

हा विषाणू १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या आतड्याच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. तिथल्या नवजात बालकांना रोटाव्हायरसची लागण झालेली होती, पण त्यांना जुलाब झालेच नव्हते. पुढे हीच मुलं रोटाव्हायरसच्या गंभीर आजारापासून बरीचशी सुरक्षित राहिली. म्हणजे आजार न करता शरीराला धडा शिकवणारा विषाणू निसर्गानेच हाती दिला होता. त्या वाणाला ११६ई असं नाव मिळालं. तिथून लस घडेपर्यंत जवळपास तीस वर्षं गेली. जैवतंत्रज्ञान विभाग, एम्स, हैदराबादची भारत बायोटेक, अमेरिकेतल्या संस्था असे अनेक हात त्यात होते.

शेवटच्या मोठ्या चाचणीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ तान्ह्या बाळांवर ही चाचणी झाली. त्यातलं पुण्याचं केंद्र ग्रामीण होतं. शिरूर तालुक्यातलं वढू, जिथे केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आजूबाजूच्या गावांबरोबर वर्षानुवर्षं काम करत आलं आहे. त्या गावांतल्या आयांनी सहा-सात आठवड्यांची बाळं या अभ्यासासाठी आणली, महिनोन्‌महिने कार्यकर्त्यांना घरी येऊ दिलं, प्रत्येक जुलाबाची नोंद करू दिली. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबाचं प्रमाण या लसीने ५६ टक्क्यांनी कमी केलं. मार्च २०१५ मध्ये ‘रोटाव्हॅक’ नावाने ती देशात आली. त्या आयांची नावं कुठे छापली गेली नाहीत. पण देशभरातल्या बाळांच्या कार्डावर आज जी नोंद होते, तिच्यामागे त्यांचा विश्वास आहे.

दुसरी लसही आपल्या जवळची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’. तिची एक मोठी चाचणी आफ्रिकेतल्या नायजर देशात, मरादी भागात झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले: गंभीर आजारापासून ६६.७ टक्के संरक्षण. ही लस उष्णता सोसणारी म्हणून विकसित केलेली. ज्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे या गुणाचं मोल वेगळं सांगायला नको. २०१८ मध्ये या दोन्ही लसींना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

सरकारी कार्यक्रमात ही लस २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांपासून आली. महाराष्ट्राचा क्रम २०१९ मध्ये लागला. तोवर ती फक्त खासगी दवाखान्यात, पैसे मोजणाऱ्यांच्या मुलांना मिळत होती. खरं तर ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोहोचली. आता मात्र उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळीकडे ती मोफत आहे.

५६ टक्के हा आकडा वाचून काहींचा हिरमोड होतो. निम्म्यावरच काम भागणार असेल तर एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. रोटाव्हायरसच्या लसी श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात आणि आशिया-आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांत ते कमी भरतं. कुपोषण, आतड्याला वारंवार होणारे इतर संसर्ग, आईकडून आलेली प्रतिद्रव्यं अशी बरीच कारणं त्यामागे असावीत. पण जिथे मुळात हजारोंनी मुलं दगावत होती तिथे निम्मं संरक्षण जितके जीव वाचवतं, तितके जीव श्रीमंत देशात शंभर टक्के संरक्षणानेही वाचू शकत नाहीत. तिथे तेवढे जातच नव्हते. आणि हा हिशेब आता कागदावरचा राहिलेला नाही. नऊ राज्यांतल्या ३१ रुग्णालयांमधून गोळा केलेल्या माहितीवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सरकारी लसीकरणातही लसीचा परिणाम ५४ टक्के भरला, म्हणजे चाचणीत दिसला जवळपास तेवढाच. जुलाबाने भरती होणाऱ्या मुलांत रोटाव्हायरसचा वाटा आधी सुमारे ४० टक्के होता, तो २० टक्क्यांवर आला.

पण हे सगळं डोस वेळेवर पडले तर.

सरकारी वेळापत्रकात ही लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना आहे. आशाताई आणि सिस्टर तेच आठवडे न मोजता सांगतात: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. त्याच दिवशी पेंटाव्हॅलंटचं इंजेक्शन आणि पोलिओचे थेंब असतात. एवढी घाई का, याचं उत्तर वेल्लोरच्या एका अभ्यासात आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ३७३ मुलांवर जन्मापासून तीन वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या ५६ टक्के मुलांना सहा महिन्यांच्या आतच रोटाव्हायरसची लागण होऊन गेली होती. विषाणू आपल्याकडच्या मुलांपर्यंत फार लवकर पोहोचतो. लसीला त्याच्या आधी पोहोचायचं आहे.

आणि इथे हिंगोलीतलं, किंबहुना सगळ्या मराठवाड्यातलं जगणं आडवं येतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बाळ जन्मतं कळमनुरी तालुक्यातल्या आजोळी, दीड महिन्याचा डोस तिथल्या उपकेंद्रात होतो. मग बारसं-पाहुणचार उरकून बाळंतीण सासरी येते, कदाचित नांदेड, परभणी किंवा वाशिम जिल्ह्यात. माहेरच्या आशाताईच्या यादीतून नाव गेलेलं, सासरच्या आशाताईच्या यादीत अजून आलेलं नाही. अडीच महिन्यांचा डोस या दोन याद्यांच्या मधे पडतो. कार्ड माहेरी कपाटात राहिलं असेल तर कोणते थेंब झाले, कोणते राहिले, हेही कुणाला सांगता येत नाही.

तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून मोठी. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं ते पाडव्याच्या आगेमागे पुन्हा दिसतं. त्या पाच-सहा महिन्यांत जन्मलेल्या किंवा तान्ह्या असलेल्या बाळाचे तिन्ही डोस फडावरच पडायला हवेत. कारखाना परिसरात आणि वीटभट्ट्यांवर आरोग्य कर्मचारी लसीकरण सत्रं घेतात, पण टोळी आज या शिवारात, आठवड्याने पुढच्या. एक दिवस रोजगार बुडवून लेकराला घेऊन रांगेत उभं राहायचं, तर मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या आईला ते सोपं नाही. तिला निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे. सत्राची वेळ फडावरून माणसं परतल्यावरची ठेवणं यंत्रणेला जमण्यासारखं आहे. पहाटे चारला उसात उतरणाऱ्या बाईला सकाळी अकराला उपकेंद्रात येणं जमण्यासारखं नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने मिशन इंद्रधनुष जाहीर केलं तेव्हा लसीकरणात मागे असलेले देशातले २०१ जिल्हे पहिल्या फेरीसाठी निवडले होते. महाराष्ट्रातले त्यात सात होते आणि हिंगोली त्यांपैकी एक. ज्या मुलांना एकही लस मिळाली नाही किंवा अर्धवट मिळाली, त्यांना शोधून काढायचं हा त्यामागचा हेतू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होतं, ते पुढच्या पाहणीत ७३ टक्क्यांवर गेलं. ही चढण कुण्या एका योजनेने झालेली नाही. बर्फाच्या पिशव्या भरलेला डबा खांद्याला लावून गावोगाव जाणारी सिस्टर, आदल्या दिवशी घरोघर सांगत फिरणारी आशाताई आणि अंगणवाडीत सतरंजी अंथरून बसलेली अंगणवाडीताई, अशा तिघींनी ती चढवली आहे. आपल्या मानधनासाठी त्यांना वेळोवेळी मोर्चे काढावे लागतात, हे महाराष्ट्राला शोभणारं नाही.

लसीविषयी काही शंका गावोगाव ऐकू येतात. ‘पोलिओ रविवारी थेंब पाजले होते की,’ ही त्यातली सर्वांत नेहमीची. ते थेंब पोलिओचे. त्यांचा रोटाव्हायरसशी संबंध नाही. ‘बाळाला सर्दी आहे, आज नको,’ ही दुसरी. साध्या सर्दी-खोकल्यासाठी डोस पुढे ढकलू नये. लसीच्या आधी आणि नंतर अंगावर पाजायलाही हरकत नाही. आणि लस घेऊनही जुलाब झाले तर ती फसली असं नाही. जुलाब अनेक जंतूंनी होतात, ही लस त्यातल्या एकाला आवरते, आणि तोही झालाच तर बहुतेकदा सौम्यावर निभावतो.

एक भीती मात्र साधार आहे आणि ती लपवू नये. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली रोटा लस वर्षभरातच मागे घ्यावी लागली, कारण ती घेतलेल्या साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकला. तेव्हापासून या धोक्यावर जगभर बारीक लक्ष ठेवलं जातं. भारतात सरकारी कार्यक्रम सुरू झाल्यावर अनेक रुग्णालयांत मिळून मुद्दाम तपासणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला, की रोटाव्हॅकमुळे हा धोका वाढलेला दिसला नाही. तरीही बाळ थांबून-थांबून किंचाळून रडत असेल, पाय पोटाशी ओढत असेल, उलट्या होत असतील किंवा शीमध्ये लाल, जेलीसारखं रक्त दिसलं, तर लस झालेली असो वा नसो, थेट रुग्णालय गाठावं. वेळेत पोहोचल्यास त्यावर उपचार आहे. ज्या बाळाला हा त्रास पूर्वी होऊन गेला आहे त्याला ही लस देत नाहीत.

लसीबरोबर जलसंजीवनीचं पाकीटही घरात हवंच. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. आज त्याचंच शास्त्रशुद्ध रूप आशाताईकडे फुकट मिळतं. एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. ‘पोटाला आराम’ म्हणून बाळाला उपाशी ठेवण्याने कोरडेपणा आणि अशक्तपणा दोन्ही वाढतात. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी पुरा कोर्स. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला निम्मी.

ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी आज एवढं करावं. माता-बाल संरक्षण कार्ड काढून त्यावर रोटाचे तीन डोस नोंदले आहेत का ते पाहावं. सासरी जाताना, तोडणीला निघताना ते कार्ड कपड्यांच्या बोचक्यात सर्वांत आधी ठेवावं आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू द्यावा. जिथे उतराल तिथल्या आशाताईला बाळाचं नाव सांगावं. लस कुठल्याही गावात मिळते, आपल्याच गावाची असावी लागत नाही. एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलेले डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने पुढे देता येतात. मात्र पहिला डोस बाळ एक वर्षाचं होण्याआधी पडायला हवा. त्यानंतर सरकारी कार्यक्रमात ही लस सुरू करता येत नाही.